भास्कराचार्य आणि पडणारा दगड

पृथ्वी कशाच्या आधारावर उभी आहे, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील चावडीवर नवा नाहीं. भूकंपाचा धक्का बसला म्हणजे शेषानें मस्तक हालविलें, असें सांगणारीं वृद्ध माणसें आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. दुसरा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. झाडावरची चिंच खालीं पडते, विहिरींत सोडलेला दगड तळ गांठितो, गोफणीचा गोटा वर जाऊन पुन्हां रानांतच येतो. हें असें कां व्हावें? रोज दिसतें म्हणून तें समजलें असें होत नाहीं. हे दोन प्रश्न वेगळे नसून एकच आहेत, हें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं आमच्या या महाराष्ट्रभूमींत एका पुरुषानें आपल्या ग्रंथांत स्पष्ट मांडिलें. त्या भास्कराचार्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें चरित्र लिहिण्यास आणखी एक कारण आहे. भास्कराचार्यांविषयीं आज दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. कोणी म्हणतात कीं, न्यूटननें जें शोधिलें तें सर्व भास्कराचार्यांनीं पांचशें वर्षें आधींच सांगून ठेविलें होतें. कोणी म्हणतात कीं, आमच्या देशांत असल्या शास्त्राचा गंधही नव्हता. गांवच्या शाळेंतील मुलें हीं दोन्ही बोलणीं घरीं आणितात, आणि गांवांतील शिक्षकास किंवा उपदेशकास खरें काय तें विचारितात. अशा वेळीं ज्याचें त्यास मोजून द्यावें, एक चिमूट अधिक नाहीं व एक चिमूट उणें नाहीं, हेंच योग्य होय. यास्तव त्यांनीं काय सांगितलें व काय सांगितलें नाहीं, तें दोन्ही आम्ही पुढें मांडीत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इसवी सन १११४ सालीं झाला. हा शक त्यांनीं आपल्या ग्रंथांत स्वतःच नमूद करून ठेविला आहे. त्यांच्या पूर्वीं सुमारें पांचशें वर्षें याच नांवाचे दुसरे एक ज्योतिषी होऊन गेले. म्हणून आमच्या चरित्रनायकांस दुसरे भास्कराचार्य असेंही म्हणतात. त्यांचें गोत्र शांडिल्य व गांव सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जलविड. हें विज्जलविड कोणतें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी बीड म्हणतात, कोणी विजापूर म्हणतात, आणि कोणी चाळीसगांवाजवळचें पाटण म्हणतात. परंतु त्यांच्या घराण्याचा दगडावर कोरलेला पुरावा पाटण येथेंच सांपडला आहे, आणि तें स्थान आमच्या अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यापासून फार दूर नाहीं. मनमाडास गाडी बदलून चाळीसगांवीं उतरावें. तेथून नैर्ऋत्येस सुमारें १८ किलोमीटरांवर डोंगराच्या कुशींत पाटणादेवीचें रान लागतें.

त्यांच्या वडिलांचें नांव महेश्वर. तेही ज्योतिषशास्त्रांत निष्णात होते, आणि भास्कराचार्यांचे गुरु तेच. घराण्यांत विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. एका पूर्वजास भोज राजाकडून विद्यापति ही पदवी मिळाली होती, असें पाटणचा शिलालेख सांगतो. शेत जसें बापाकडून मुलाकडे येतें, तशी या घरांत गणिताची विद्या आली. परंतु आयती मिळालेली जमीन जो नुसती राखितो तो एक, आणि जो तींत नवी विहीर खणितो तो दुसरा. भास्कराचार्य या दुसऱ्या प्रकारचे होते.

वयाच्या ३६ व्या वर्षीं, शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्यें, त्यांनीं आपला मोठा ग्रंथ सिद्धांतशिरोमणि रचिला. त्याचे चार भाग आहेत. पहिला लीलावती; यांत अंकगणित व क्षेत्रमापन आहे. दुसरा बीजगणित. तिसरा ग्रहगणित, यांत सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गति काढण्याच्या रीति दिल्या आहेत. चौथा गोलाध्याय, यांत पृथ्वीचा व आकाशाचा गोल कसा आहे, तें सांगितलें आहे. ग्रंथ कठीण वाटूं नये म्हणून त्यांनीं त्यावर स्वतःच टीकाही लिहिली. पुढें वयाच्या ६९ व्या वर्षाचा आरंभशक धरून करणकुतूहल नांवाचा सोपा ग्रंथ त्यांनीं केला. उतारवयांतही त्यांची लेखणी थांबली नव्हती, हें यावरून दिसतें.

लीलावतींतील उदाहरणें फार मनोरंजक आहेत. वाऱ्यानें मोडून जमिनीस टेकलेला वेळू कोठें मोडला, खांबावर बसलेल्या मोरानें बिळाकडे धांवणाऱ्या सापावर झडप कोठें घातली, असे प्रश्न विचारून ते विद्यार्थ्यास गणित शिकवितात. लीलावती ही त्यांची मुलगी होती, आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला म्हणून तिच्या नांवानें हा ग्रंथ केला, अशी एक कथा आहे. मुहूर्त पाहण्यासाठीं पाण्यांत घटिकापात्र तरंगत ठेविलें होतें. तिच्या अलंकारांतील मोतीं गळून पात्रांत पडलें, त्यानें छिद्र बुजलें, आणि वेळ निघून गेली. ही कथा अकबराच्या दरबारांतील फैजी यांनीं १५८७ सालीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें त्यांत येते. मूळ संस्कृत ग्रंथांत ती नाहीं. म्हणून ती कथा म्हणूनच ऐकावी. परंतु तींतील घटिकापात्र मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

आतां गोलाध्यायाकडे वळूं. पृथ्वी सपाट आरशासारखी आहे असें मानणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. भास्कराचार्य सांगतात कीं, पृथ्वी गोल आहे. पण ती फार मोठी, आणि तिच्यावर उभा असलेला मनुष्य फार लहान. वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ रेघेसारखाच दिसतो. त्याप्रमाणें डोळ्यास दिसणारा पृथ्वीचा तुकडा सपाट भासतो. पृथ्वीचा परीघ त्यांनीं ४,९६७ योजनें दिला आहे. तो मोजण्याची रीतही सांगितली आहे. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गांवांचें अंतर मोजावें, दोन्ही ठिकाणच्या अक्षांशांतील फरक पाहावा, आणि त्रैराशिकानें सगळा परीघ काढावा. ही रीत आजही खरी आहे.

मग ही एवढी मोठी पृथ्वी कशावर टेकली आहे? शेषावर, कूर्मावर, दिग्गजांवर, अशीं उत्तरें पुराणांत होतीं. भास्कराचार्यांनीं त्यावर एकच साधा प्रश्न केला. पृथ्वीला आधार पाहिजे, तर त्या आधारालाही दुसरा आधार पाहिजे, आणि त्यालाही तिसरा. या मालिकेला शेवट कोठें? शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीनें राहतो असें म्हणावयाचें असेल, तर ती शक्ति पहिल्यानें पृथ्वीसच कां मानूं नये? वाचकहो, हा युक्तिवाद समजण्यास शास्त्री असावें लागत नाहीं. घराच्या पायाखालीं दगड, दगडाखालीं मुरूम, मुरुमाखालीं खडक, असें खालीं खालीं गेल्यास कोठें तरी विचारावेंच लागतें कीं, सर्वांत खालच्या खडकाखालीं काय?

याच ठिकाणीं त्यांनीं पडण्याचा प्रश्न घेतला आहे. त्यांचें सांगणें असें कीं, पृथ्वीच्या अंगीं आकर्षण करण्याची शक्ति आहे. आकाशांत असलेल्या जड पदार्थास ती आपल्या शक्तीनें आपणाकडे ओढिते. तो ओढला जातो, आणि आम्हांस वाटतें कीं तो पडतो. पृथ्वी स्वतः मात्र कोठें पडणार? तिच्या सभोंवतीं सगळीकडे आकाश सारखेंच आहे. त्यांत खालची अशी एक बाजू नाहीं. या विचारांत मोठी गोष्ट दडलेली आहे. वर व खालीं हे शब्द आकाशाचे नव्हेत. खालीं म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, आणि वर म्हणजे त्याच्या उलट. म्हणूनच पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस राहणारे लोक डोकें खालीं करून लोंबकळत नाहींत. नदीकांठीं उभ्या असलेल्या माणसाचें पाण्यांतील प्रतिबिंब जसें उलटें दिसतें, तसे ते आम्हांस उलटे वाटतील. परंतु आम्ही येथें जसे निर्धास्त आहों, तसे ते तेथें निर्धास्त आहेत, असें ते सांगतात.

हा विचार अगदीं एकट्या त्यांचाच होता असें मात्र नाहीं. सातव्या शतकांतील ब्रह्मगुप्त यांनींही जड वस्तूंनीं पृथ्वीकडे येणें हा निसर्गधर्म मानिला होता. पूर्वजांचें ऋण भास्कराचार्यांनीं कधीं लपविलें नाहीं.

त्या काळच्या कांहीं बौद्ध पंडितांचें मत निराळें होतें. ते म्हणत कीं, जड पदार्थ खालीं जातो हें आपण पाहतों. पृथ्वीही जड आहे. म्हणून तीही अखंड खालीं पडत असली पाहिजे. यावर भास्कराचार्यांनीं विचारिलें कीं, वर फेंकलेला जड पदार्थ पुन्हां जमिनीवर येतो हें पाहूनही, पृथ्वी पडत आहे असें तुम्हीं कसें म्हणतां? पृथ्वी खालीं पळत असती, तर वर फेंकलेला दगड तिला गांठूं शकला नसता. या युक्तिवादाचा अर्थ सांगणाऱ्यांनीं पुढें असें म्हटलें कीं, पृथ्वी दगडापेक्षां जड, म्हणून ती अधिक वेगानें पडेल आणि दगड मागें राहील. जड वस्तु हलक्या वस्तूपेक्षां लवकर पडते, ही समजूत तेव्हां येथेंही होती व युरोपांतही होती. आजही आमच्यापैकीं बहुतेकांची तीच आहे. ती खरी कीं खोटी, हें आतां पाहूं.

एक रुपयाचें नाणें घ्या आणि त्याहून थोडी लहान अशी कागदाची गोल चकती कापा. दोन हातांतून दोन्ही एकदम सोडिलीं तर नाणें आधीं पडेल आणि कागद भिरभिरत मागाहून येईल. आतां चकती नाण्यावर सपाट ठेवून नाणें आडवें सोडा. दोन्ही बरोबरच खालीं येतात. कागद तोच, वजन तेंच. नाण्यानें वाटेंतील वारा बाजूस सारिला एवढाच फरक. कागदास उशीर लागत होता तो त्याच्या हलकेपणामुळें वाऱ्याचा अडथळा त्यास अधिक बाधत होता म्हणून. वारा नसतां तो नाण्याबरोबरच पडला असता. चंद्रावर वारा मुळींच नाहीं. तेथें १९७१ सालीं अपोलो १५ या यानाचे प्रमुख डेव्हिड स्कॉट यांनीं एका हातांतून हातोडा व दुसऱ्या हातांतून पक्ष्याचें पीस एकदम सोडिलें, आणि दोन्ही एकाच क्षणीं चंद्राच्या भूमीस टेकलीं.

मग भास्कराचार्यांचें उत्तर फोल ठरलें काय? नाहीं. पृथ्वी व दगड दोन्ही सारख्याच वेगानें खालीं जात असते, आणि पृथ्वीच्या अंगीं ओढण्याची शक्ति नसती, तर वर फेंकलेला दगड दूर दूर जात राहिला असता; परत येण्यास त्यास कांहींच कारण नव्हतें. म्हणजे निष्कर्ष टिकतो, पण त्याचा पाया बदलावा लागतो. याचा प्रत्यय आमच्या काळांत आला आहे. १९८४ सालीं भारताचे राकेश शर्मा अवकाशांत गेले, तेव्हां त्यांचें यान पृथ्वीभोंवतीं फिरत अखंड पडतच होतें. अशा यानांत हातांतून सुटलेली वस्तु यानाच्या तळाशीं जात नाहीं. ती तरंगत राहते, कारण तळ आणि वस्तु बरोबरच पडत असतात. आमच्या अंगणांत मात्र फेंकलेला गोटा परत येतो, तो पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीमुळें. पृथ्वीही सूर्याच्या ओढीनें त्याच्याभोंवतीं फिरत असते. परंतु तिच्याबरोबर अंगण व गोटा हेही फिरतात, म्हणून त्यानें आम्हांस भेद कळत नाहीं.

आतां उणीव कोणती, तें सांगितलें पाहिजे. पृथ्वी दगडास ओढिते, हें भास्कराचार्यांनीं सांगितलें. परंतु पहिल्या क्षणांत दगड किती खालीं येतो, दुसऱ्यांत किती, वेग कसा वाढतो, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. ओढ दूर गेल्यावर किती कमी होते, तेंही सांगितलें नाहीं. ओढण्याची शक्ति त्यांनीं पृथ्वीस दिली. चंद्र व ग्रह त्याच शक्तीनें बांधलेले आहेत, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. ग्रह प्रवह नांवाच्या वायूनें फिरतात, हें जुनें मतच त्यांनीं ठेविलें, आणि पृथ्वी स्थिर मानिली.

पडणाऱ्या दगडाचें माप त्या काळीं कोणी कां घेतलें नाहीं? याचें एक कारण घटिकापात्रांत आहे. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर ठेविलें म्हणजे तें भरून बुडण्यास एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें लागत. घटिकेचा साठावा भाग तें पळ. तें २४ सेकंदांचें. आतां ६४ फूट खोल विहिरींत दगड सोडिला तर तो पाण्यास लागण्यास केवळ २ सेकंद लागतात. खंडीच्या मापानें गुंज मोजावी, तशांतला हा प्रकार. ग्रंथांत पळाहून बारीक कालमानें दिलेलीं आहेत. पण तीं गणितासाठीं होतीं, हातांत धरण्यासाठीं नव्हतीं.

ही अडचण इटली देशांतील गॅलिलिओ यांनीं सोडविली. त्यांचा जन्म १५६४ सालचा व मृत्यु १६४२ सालचा. पिसा येथील कलत्या मनोऱ्यावरून त्यांनीं लहानमोठे गोळे टाकिले अशी कथा त्यांच्या एका शिष्यानें लिहून ठेविली आहे. परंतु त्यांचा खरा पराक्रम एका साध्या फळीवर झाला. पडणें फार जलद होतें, म्हणून त्यांनीं तें मंद केलें. लांब फळीस गुळगुळीत पन्हळ पाडून ती थोडी उतरती ठेविली, आणि पितळी गोळी तीवरून घरंगळत सोडिली. वेळ मोजण्यास त्यांनीं मोठ्या भांड्यांतून बारीक धारेनें पाणी गळूं दिलें, आणि गोळी सोडल्यापासून थांबेपर्यंत जेवढें पाणी गळलें तें तराजूंत तोलिलें. पाण्याचें वजन दुप्पट तर वेळ दुप्पट. आमच्या घटिकापात्रांत पाणी आंत येई, त्यांच्या भांड्यांतून तें बाहेर जाई. परंतु त्यांनीं पात्र बुडण्याची वाट न पाहतां पाणीच तोलिलें, म्हणून क्षणाचे तुकडे त्यांच्या हातीं आले.

त्यांस सांपडलेला नियम असा. पहिल्या भागांत गोळी एक हात गेली, तर तितक्याच दुसऱ्या भागांत तीन हात, तिसऱ्यांत पांच, चौथ्यांत सात. एकंदर अंतर एक, चार, नऊ, सोळा असें वाढतें. म्हणजे वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट, आणि तिप्पट झाला तर नऊपट. सरळ खालीं पडणाऱ्या दगडास हाच नियम लागतो. तो पहिल्या सेकंदांत १६ फूट पडतो, दोन सेकंदांत एकंदर ६४ फूट, तीन सेकंदांत १४४ फूट. आणि त्याचा वेग दर सेकंदास ३२ फुटांनीं वाढत जातो. अकोले तालुक्यांतील रंधा धबधबा सुमारें १७० फूट उंच आहे. त्याच्या कड्यावरून सुटलेला दगड सव्वातीन सेकंदांत तळ गांठील, आणि वाऱ्यानें होणारी घट सोडली तर त्या वेळीं त्याचा वेग ताशीं ११० किलोमीटरांहून अधिक असेल. उंचावरून पडलेल्या लहानशा धोंड्यानेंही प्राण कां जातो, हें यावरून ध्यानांत येईल. विहिरीवर काम करणाऱ्यांनीं कांठावर दगड किंवा पहार ठेवूं नये, याचें कारण हेंच.

गॅलिलिओ यांनीं हे नियम १६३८ सालीं छापून प्रसिद्ध केले. तेव्हां ते वृद्ध व अंध झाले होते, आणि पृथ्वी फिरते असें मत मांडिल्याबद्दल १६३३ सालीं रोमच्या धर्मन्यायासनानें दिलेल्या शिक्षेप्रमाणें आपल्या घरींच बंदींत होते.

इंग्लंडांतील न्यूटन यांनीं १६८७ सालीं पुढचें पाऊल टाकिलें. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावरून गोफणीनें गोटा मारिला तर तो कांहीं अंतरावर पडेल. जोर वाढविला तर आणखी दूर पडेल. पृथ्वी गोल असल्यामुळें जमीनही खालीं वळत जाते. म्हणून वाऱ्याचा अडथळा नसता, आणि गोट्यास दर सेकंदास सुमारें ८ किलोमीटरांचा वेग देतां आला असता, तर तो पडत पडतच पृथ्वीला वळसा घालून मागून परत आला असता. चंद्र असाच पडत आहे, असें न्यूटन यांनीं दाखविलें. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र हा जमिनीवरील दगडापेक्षां साठपट दूर आहे. म्हणून त्याच्यावरील ओढ साठ गुणिलें साठ, म्हणजे ३,६०० पटींनीं कमी. दगड एका सेकंदांत १६ फूट पडतो, तर चंद्र आपल्या सरळ वाटेपासून तितका वळण्यास एक मिनिट लागतें. गणित व आकाश यांचा मेळ बसला. ओढ एकट्या पृथ्वीची नसून प्रत्येक पदार्थाची प्रत्येक पदार्थावर आहे, हा न्यूटन यांचा सिद्धांत होय.

यांत मनास लागणारी एक गोष्ट आहे. वाढत्या किंवा घटत्या वेगाचा एखाद्या क्षणींचा वेग कसा काढावा, ही कल्पना भास्कराचार्यांपाशीं होती. ग्रहांची चाल रोज सारखी नसते, म्हणून चंद्रासारख्या जलद ग्रहाची तात्कालिक गति काढावी, असें त्यांनीं ग्रहगणितांत सांगून तिची रीतही दिली आहे. म्हणजे ओढीचा विचार एका अध्यायांत, आणि क्षणाच्या वेगाचा विचार दुसऱ्या अध्यायांत. दोन्ही एकाच ग्रंथांत होते. पडणाऱ्या दगडापाशीं त्या दोहोंची गांठ घालणारा मात्र येथें कोणी पुढें आला नाहीं.

ग्रंथ जतन करणारे पुष्कळ निघाले. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यांनीं आपल्या पदरीं नेलें. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. या चांगदेवांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून पाटण येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनीं त्यास दान दिलें. तो लेख शके ११२८ चा आहे. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून, बाजारांतील मालावरचा कर व घाण्याचें तेल मठास किती द्यावें, तें त्यांत लिहिलें आहे. गणिताचा अभ्यास तेल्याच्या घाण्यावर व वाण्याच्या दुकानावर चालला, हें वाचून समाधान वाटतें. विद्येचा खर्च सर्व गांवानें उचलिला होता. हा लेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला.

गोलाध्याय जगापुढें आणण्याच्या कामीं तर आमच्या जिल्ह्याचाही हात आहे. सीहोर येथील इंग्रज अधिकारी लॅन्सेलॉट विल्किन्सन यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. परंतु ते १८४१ सालीं वारले. तें भाषांतर तपासून १८६१ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालें, तें बापूदेव शास्त्री यांच्या हातून. बापूदेवांचें घराणें नेवासें तालुक्यांतील गोदावरी व प्रवरा यांच्या संगमावरील टोकें गांवचें. नागपुरास शिकत असतां विल्किन्सन यांनीं त्यांची बुद्धि हेरिली व त्यांस सीहोरास नेलें. पुढें ते काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक झाले, आणि १८९० सालीं वारले. भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतींत नव्या गणिताचें तत्त्व आहे, असें त्यांनीं १८५८ सालीं लिहिलें. इंग्लंडांतील स्पॉटिसवुड नांवाच्या गणितज्ञांनीं १८६० सालीं तें तपासिलें. भास्कराचार्यांच्या बुद्धीची त्यांनीं वाखाणणी केली, पण सगळा दावा मान्य केला नाहीं. एकानें बाजू मांडिली, दुसऱ्यानें ती तोलून पाहिली, आणि दोघांच्याही बोलण्यांत अनादर नव्हता. वाद करावा तो असा.

तेव्हां हिशेब असा होतो. पृथ्वी निराधार आहे, खालीं म्हणजे पृथ्वीकडे, आणि दगड पडतो तो तिच्या ओढीनें, हें भास्कराचार्यांनीं सांगितलें. तें त्यांच्या नांवावर मांडावें. दगड कोणत्या नियमानें पडतो, हें गॅलिलिओ यांनीं मोजिलें. तें त्यांच्या नांवावर मांडावें. दगड व चंद्र एकाच नियमानें बांधलेले आहेत, हें न्यूटन यांनीं सिद्ध केलें; तें त्यांच्या नांवावर मांडावें. एकाचें काढून दुसऱ्याच्या पदरीं घातल्यानें कोणाचाच मान वाढत नाहीं. सर्व कांहीं आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें मुलांस शिकविलें, तर तीं मोजावयाचें सोडून देतात. कांहींच ठाऊक नव्हतें असें शिकविलें, तर तीं मान खालीं घालितात. दोन्हींत त्यांचें नुकसान आहे.

गांवोगांवच्या शिक्षकांस व उपदेशकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलांनीं हा प्रश्न आणिला म्हणजे नाणें व कागद त्यांच्या हातीं द्यावा, एखादी उतरती फळी मांडून गोटी सोडावी, आणि ठेक्याच्या मोजणीनें एक, तीन, पांच हें त्यांचें त्यांस पाहूं द्यावें. भास्कराचार्यांच्या ग्रंथास जें जोडावयाचें राहिलें होतें तें हेंच, आणि त्यास एक फळी, एक गोटी व थोडा धीर यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.